उरलेले पत्ते

वाट्याने उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता, आणि रोज सकाळी तो पत्तेच वाटायचा. यात काही चुकतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी कुरियरच्या ऑफिसात एक दिवस काढून बघावा.

ऑफिसच्या मधोमध टेबल-टेनिसचं जुनं टेबल होतं, जाळी काढून टाकलेलं. गाडी आली की त्यावर पार्सलं ओतायची, स्कॅनरने टुकटुक करायची, गल्लीप्रमाणे ढीग लावायचे आणि कुणाच्या वाट्याला कुठले पत्ते हे ठरवून मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचं, हे त्याचं काम. वाटतो म्हणून वाट्या. ऑफिसात त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. लग्न ठरेपर्यंत बायकोची समजूत होती की मुलगा भांड्यांच्या दुकानात आहे.

ग्रुपचं नाव 'पत्ते' असं होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

लपवण्यासारखं जे होतं ते घरी होतं, आणि ते सासूबाईंकडे होतं.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रन. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हा सामान म्हणजे एक बॅग, बीपी मोजायचं यंत्र आणि एक टॅबलेट. बायको म्हणाली, आई टॅबलेटशिवाय राहू शकत नाही, तर वाट्याने काळजीने विचारलं होतं, जेवणाआधीची की नंतरची. ती काचेची होती हे त्याला हळूहळू कळलं. तिच्यावर सासूबाई पोकर खेळतात हे आणखी हळू. दोन पत्ते आपल्या हातात, पाच टेबलावर उघडे, आणि बाकी सगळा खेळ तोंडावर, असं त्यांनी एकदा त्याला समजावलं होतं. पेन्शनमधून त्या ठरावीक रक्कम बाजूला काढायच्या आणि तेवढ्यातच खेळायच्या. ती संपली की टॅबलेट उशीखाली ठेवून विणकाम काढायच्या. विणकाम क्वचितच निघायचं.

इथपर्यंतही कुणाचं काही बिघडत नव्हतं. घोळ झाला तो चेहऱ्याचा. खातं उघडताना यंत्राला ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून बघायचा होता. सासूबाईंचा फोटो मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा, जाड भिंगांच्या चष्म्यातला. यंत्र पुन्हापुन्हा म्हणालं, हा चेहरा तुमचा नाही. "चेहरा माझाच आहे, फोटो त्या दुसऱ्या बाईचा आहे," असं त्या यंत्राला सांगूनही बघत होत्या. शेवटी वाट्या शेजारून चहा घेऊन चालला होता, तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे उभं केलं, त्याचं ओळखपत्र मागून घेतलं, इकडे बघा जावईबापू म्हणाल्या, आणि यंत्राला तो चेहरा एका झटक्यात पटला. खातं त्याच्या नावावर, मोबाईल नंबर त्याचा, घराचा पत्ता त्याचा. खेळ तेवढा त्यांचा.

आणि मग कायदा आला. पैसे लावून ऑनलाइन पत्ते खेळणाऱ्याला, खेळवणाऱ्याला आणि खेळू देणाऱ्याला कैद. बातम्यांमधली बाई तिसऱ्या प्रकाराला पोचली तेव्हा ती थेट आपल्याकडे बघतेय असं वाट्याला वाटलं. कागदोपत्री तर तो पहिलाही होता. बायकोने रिमोट खाली ठेवला आणि जाहीर केलं की तिला काही सांगू नये. सांगितलं नाही तर तिला माहीत नसेल, आणि माहीत नसेल तर डबा न्यायला निदान एक माणूस तरी बाहेर असेल.

सासूबाईंची साइट बंद पडली. चार दिवसांनी त्या दुसरीवर होत्या. साइट दुसऱ्या कुठल्याशा देशातली होती आणि वाट्याचा चेहरा तिलाही आवडला होता.

बातम्यांत पकडलेली माणसं दिसायला लागली. डोक्यावर पिशवी घातलेला एक दंतवैद्य दाखवला. वाट्या जिन्यात पावलं वाजली की ताटावर थांबायचा, घास अर्ध्यात. सासूबाई त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "कान." कारण वाट्याला भीती वाटली की त्याचे कान लाल व्हायचे, अगदी भाजल्यासारखे. तोंड कसंही ठेवलं तरी कान सगळं सांगून मोकळे व्हायचे. तुम्ही पोकरला बसलात तर समोरच्याला पत्ते लागणारच नाहीत, तुमचे कान पुरे, असं त्यांचं निदान होतं.

एकदा सकाळच्या चहाला त्याने विषय काढलाच. हात जोडले नाहीत, पण कप दोन्ही हातांनी धरला होता.

"आई, सोडा ना आता."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "सरकार दर आठवड्याला टीव्हीवर सोडत काढतं. चक्र फिरवून. ती बाई नटून थटून येते. आणि मला म्हणतं सोडा."

"सोडत वेगळी. ती कायदेशीर आहे."

"तिच्यात डोकं लागत नाही म्हणून कायदेशीर आहे. जन्मभर वॉर्डात उभी राहिले मी. पेशंटला टेबलवर घेऊ की थांबू, सांगा मेट्रन, म्हणून डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघायचे. तेव्हा कुणी नाही विचारलं, बाई, तुम्हाला जोखीम झेपते का. आता माझे चार पैसे मी कुठे लावते यावर पहारा."

वाट्या म्हणाला की पहारा त्यांच्यावर नाही, त्याच्या चेहऱ्यावर आहे. नोकरी जाईल, आणि नंतर तो स्वतः जाईल. यावर त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, चांगला खेळाडू जिंकतो कधी, यापेक्षा सोडतो कधी यावरून ओळखतात. पत्ते वाईट म्हणून कुणीही सोडतो. चांगले हातात असताना सोडता आले पाहिजेत. पण ते हातातले पत्ते बघूनच ठरवायचं असतं, बातम्या बघून नाही.

त्याला यातलं एवढंच कळलं की त्या सोडणार नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसात पोलिसांचं पथक आलं. माणसं दोनच होती, मोठे साहेब आणि धाकटे साहेब, पण मालक नंतर सगळ्यांना पथकच म्हणून सांगायचे. मोठ्या साहेबांच्या हातात कागदांची चळत होती. वाट्या टेप लावत होता. साहेबांनी त्याचं नाव घेतलं, खरं नाव, आणि टेपचं टोक त्याच्या बोटाला चिकटून राहिलं.

कानांना ऊब जाणवायला लागली. समोरच्या खुंटीवर एका डिलिव्हरीवाल्याचं हेल्मेट होतं. वाट्याने ते शांतपणे काढलं, डोक्यात घातलं, पट्टा लावला, आणि म्हणाला, बोला.

साहेबांनी हेल्मेटचं कारण विचारलं. निघतच होतो, असं वाट्या म्हणाला. बस, म्हणाले साहेब, आणि त्याचा मोबाईल मागून घेतला. तो हेल्मेटसकट बसला.

त्याला वाटत होतं आता टॅबलेट निघणार, सासूबाई निघणार. पण निघाला तो 'पत्ते' ग्रुप. पथकाकडे शब्द हुंगणारं यंत्र होतं, आणि त्या यंत्राने अख्ख्या शहरात सगळ्यात मोठा जुगाराचा अड्डा म्हणून ही खोली शोधून काढली होती. मोठे साहेब एकेक मेसेज वाचायला लागले, साक्षीदाराच्या आवाजात. 'पत्ते वाटले, उचला.' 'माझ्याकडे फार आलेत, दोन कुणीतरी घ्या.' 'राणी बंद आहे, उद्या टाकतो.' 'आधी राजाला सांभाळा, मग वर जा.' 'चौकट कुणाच्या हातून फुटली?'

वाट्याचा जीव भांड्यात पडला. पण भांडं गळकं होतं, कारण साहेबांच्या डाव्या हातात त्याचा मोबाईल होता.

त्याने सांगायला सुरुवात केली. राणी म्हणजे कोपऱ्यावरचं शिवणकामाचं दुकान. राजा हा कुत्रा, दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचा, त्याने दोघांना चावून झालंय. चौकट फोटोची होती, काचेची, ती फुटली. मालक प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि घाम पुसत होते, त्यामुळे खरं असलेलंही खोटं वाटत होतं.

"आणि हे?" साहेबांनी पान उलटलं. "'बदाम सात.' आम्हीपण लहानपणी खेळलोय. आम्हाला शिकवू नका."

"बदाम सात नंबरच्या घरी द्यायचे होते, साहेब. एक किलो. पूर्ण मेसेज 'बदाम सातला' असा आहे. 'ला' खालच्या ओळीत गेलाय."

साहेबांनी खालची ओळ बघितली. तिथे 'ला' होता. एकटाच, ओशाळल्यासारखा.

तेवढ्यात वाट्याचा मोबाईल साहेबांच्या हातात थरथरला. साहेबांनी पडद्यावर आलं ते मोठ्याने वाचलं, कारण त्यांना आता सवय लागली होती.

"'तुमच्या टेबलवर जागा झाली आहे. पत्ते वाटायला सुरुवात होत आहे. लवकर या.'"

वाट्याला हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. घरी सासूबाईंनी टॅबलेट उघडला होता, आणि साइट इमाने इतबारे खातेदाराला कळवत होती. धाकटे साहेब प्रथमच मोबाईलकडे बघायला वाकले.

तेव्हा मालक बोलले, आणि त्यांना कशाचा काही पत्ता नसल्यामुळे फार मनापासून बोलले. "बघा ना साहेब. गोडाऊनवर दुसरी गाडी लागली असेल. टेबल रिकामं झालं, माल ओतला, वाटायला माणूस नाही. तो इथे हेल्मेट घालून बसलाय."

सगळ्यांनी टेबल-टेनिसच्या टेबलाकडे पाहिलं. ते पार्सलांनी भरलेलं होतं, पण त्या क्षणी टेबल असणं एवढंच पुरेसं होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, हा मेसेज पण कामाचाच का.

"हो," वाट्या म्हणाला. त्याचं हे आयुष्यातलं पहिलं ब्लफ होतं आणि ते हेल्मेटने निभावून नेलं.

तरी साहेब कागदाला जागणारे होते. बोलण्यावर सोडता येत नाही, प्रत्यक्ष पडताळणी लागते, म्हणाले. दोघांनी वाट्याला गाडीत घातलं. बंद गाडीत मागच्या सीटवर हेल्मेट घातलेला माणूस बघून सिग्नलवरची मुलं खिडकीला नाक लावत होती. सात नंबरच्या आजोबांनी बदाम दाखवले. अर्धे खाल्ले होते, ते कुठे गेले याचाही जबाब घेतला गेला. राणी उघडी होती. राजा भुंकला, आणि पडताळणी जिन्यातच पूर्ण झाली असं मोठ्या साहेबांनी नोंदवलं. प्रत्येक दारात पत्ता म्हणजे पत्ताच निघत होता. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता, एवढा मोठा अड्डा हातचा जात होता म्हणून.

वाट्याला वाटलं, सुटलो. साहेबांनी शेवटचा कागद काढला.

"'उरलेले पत्ते मी घरी नेतो,'" ते वाचत होते. "हा तुझा मेसेज. रोजचा. घर कुठे?"

ज्या घरी माणूस नसतो तिथली पार्सलं तो संध्याकाळी घरी नेऊन ठेवायचा आणि सकाळी ऑफिसला जाताजाता जमतील तेवढी देऊन टाकायचा, हे त्याने सांगितलं. चला बघू, म्हणाले साहेब. मोबाईल त्यांच्याच खिशात होता. सासूबाईंना कळवायला वाट्याकडे आता फक्त खोकला उरला होता. जिना चढताना तो इतका खोकला की धाकट्या साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती हेल्मेटमधून पिता आली नाही.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी आधी हेल्मेट बघितलं, मग मागचे दोघे. त्यांच्या चेहऱ्याला काहीही झालं नाही. या या, म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. जेवणाच्या टेबलावर टॅबलेट उताणा पडला होता, चालू. कोपऱ्यात तीन पार्सलं होती. साहेबांनी ती मोजली, पत्ते ताडून पाहिले. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली, आणि त्यांनी विचारलं, आजी, काय चाललंय.

"पत्ते बघत बसले होते," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारपणी तेवढाच विरंगुळा."

वाट्याने डोळे मिटले. मोठे साहेब मात्र सकाळपासून पत्ते ऐकून ऐकून थकले होते. जावयाला मदत का, असं त्यांनी विचारलं. तुम्हीच बघा आता, म्हणाल्या त्या. चांगलं आहे, म्हणाले साहेब.

"तुमचे कान लाल झालेत," सासूबाई म्हणाल्या.

वाट्याने दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं. पण त्या साहेबांकडे बघत होत्या. चेहराही तांबडा दिसतोय, जिना चढून धाप लागलीय, बसा. आवाज वॉर्डातला होता, आणि त्या आवाजापुढे साहेबांच्या खांद्यावरच्या फिती काही कामाच्या नव्हत्या. ते बसले. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला गेला. त्या एका हाताने रबरी फुगा दाबत होत्या. यंत्राचा काटा चढत होता. आणि त्यांचा दुसरा हात टेबलावरून सरकत टॅबलेटपर्यंत गेला, एक बोट काचेवर टेकलं आणि परत आलं. वाट्याला नंतर कळलं की त्या बोटाने त्यांनी लावलेली रक्कम दुप्पट केली होती. सरकारचा दंड त्यांच्या दुसऱ्या हातात असताना.

वरचा आकडा बरा नाही, त्यांनी साहेबांना सांगितलं. मीठ कमी करा, दगदग कमी करा. कायदा नवीन आहे ना, साहेब ओशाळून म्हणाले, धावपळ होते. त्यांनी मोबाईल वाट्याला परत दिला, कागदांची चळत मिटली आणि जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, जपून.

धाकटे साहेब मागे राहिले. ते सगळा वेळ सासूबाईंच्या खुर्चीमागे उभे होते. दारात बुटाची नाडी बांधता बांधता ते हळूच म्हणाले, "काकू, हा पत्ता सोडा."

जिन्यातून मोठ्या साहेबांनी विचारलं, कुठला पत्ता.

"डिलिव्हरीचा, साहेब. लांब पडतो." आणि ते गेले.

वाट्याने दार लावलं, हेल्मेट काढलं. कान नुसते पेटले होते.

"घर सोडायला सांगितलं त्याने," तो म्हणाला. "आपला पत्ता त्यांच्याकडे आलाय. आजचं सगळं भलतीकडून आलं, खरं अजून यायचंय."

"किंवा त्याने माझी पानं बघितली आणि सल्ला दिला," सासूबाई म्हणाल्या. टॅबलेटवर वेळ मोजणारा एक गोल हळूहळू लहान होत होता. समोरच्या कुणीतरी त्यांच्यावर रक्कम चढवली होती, आणि आता त्यांची पाळी होती. "मागे उभा होता. दिसत होतं त्याला."

"आई."

"थांबा. बोलताना तो कुठे बघत होता? माझी पाठ होती. तुम्ही त्या डबड्यातून काय पाहिलंत?"

वाट्याने आठवलं. बुटाची नाडी. मान वर झाली ती टेबलाकडे नाही. "दाराकडे. दारावरच्या नंबराकडे."

"मग पत्त्यांबद्दल नव्हता बोलत."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्त्याबद्दलच बोलत होता."

त्या खाली बसल्या. गोल निम्मा झाला. वाट्या शेजारी उभा राहून पहिल्यांदाच नीट बघत होता. त्यांच्या हातात दोन राण्या होत्या. टेबलावर तिसरी उघडी पडली होती. त्याला पोकर येत नव्हतं, पण तीन राण्या एकत्र आल्या की काहीतरी मोठं होतं एवढं कुणालाही कळेल. सासूबाईंनी वाचायचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा तसाच होता. फक्त हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट.

मग त्यांनी बोट टेकवलं. राण्या पालथ्या झाल्या आणि पडद्याच्या मधोमध नाहीशा झाल्या.

"चांगला पत्ता होता," त्या म्हणाल्या.

कुठला, ते त्याने विचारलं नाही.

"आणि एक ऐका जावईबापू. तो साहेब आला म्हणून नाही सोडला. माझ्या हातात काय होतं ते मी बघितलं, तुमचे कान बघितले, आणि मी सोडला."

खातं बंद करायला पुन्हा चेहरा लागला. वाट्या टॅबलेटसमोर बसला. यंत्र म्हणालं, हा चेहरा तुमचा नाही. पुन्हा बसला, पुन्हा तेच. भीतीने तो इतका बदलला होता की खातं त्याला ओळख देईना. सासूबाईंनी ओला रुमाल आणून त्याच्या कानांवर धरला, श्वास सोडा म्हणाल्या, काही विचार करू नका, जसे चहा घेऊन चालला होतात तसे बघा. बऱ्याच वेळाने यंत्राला तो पटला. उरलेले पैसे पेन्शनच्या खात्यात जातील असं लिहून आलं. संध्याकाळी बायको घरी आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीतली भाजी काढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उरलेली पार्सलं पिशवीत भरत होता. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर विणकाम होतं, दोन सुया आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. त्यांनी सगळ्यात वरचं पार्सल हातात घेतलं, पत्ता वाचला, वजन पाहिलं.

"हा माणूस काल घरी नव्हता. परवाही नव्हता," त्या म्हणाल्या. "आज असेल. लावता?"

वाट्याने दाराकडे पाहिलं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत होती, वर येत होती की खाली जात होती ते कळत नव्हतं. कान तापायला लागले. खुंटीवर हेल्मेट होतं, ते परत करायचं राहूनच गेलं होतं.

"काय लावायचं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"आजचा चहा."

पावलं दारापाशी आली. वाट्याने पिशवीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"नसेल," तो म्हणाला.